कुपवाडचं एक वाक्य आणि जमैकातली परिषद

"पाला जरा कापून घेऊन आलो."

सांगलीजवळच्या कुपवाडमधलं हे वाक्य. मराठी माणसाला त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही, रानातून परतलेला कुणीही असंच बोलेल. पण त्याच गावात घरी उर्दू बोलणारा शेतकरी हीच गोष्ट सांगताना म्हणायचा, "पाला जरा काट के ले के आया." आणि घरी कन्नड बोलणारा त्याचा शेजारी कन्नडमध्येही शब्द त्याच क्रमानं ठेवायचा: आधी पाला, मग जरा, मग कापून, मग घेऊन, शेवटी आलो. तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली तर शब्दाखाली शब्द बसतो. मराठी आणि उर्दू निदान एका कुळातल्या भाषा आहेत. कन्नड द्राविड कुळातली, तिचं मूळच वेगळं. तरी कुपवाडात या तिघींचा सांगाडा एक झाला होता आणि शब्द मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले होते.

हे टिपलं जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी. त्यांच्या काळात, म्हणजे १९६० च्या दशकात, कुपवाड सुमारे तीन हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायत घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी, आणि दोर वळण्याचा धंदा करणारी काही घरं तेलुगू. गावातल्या पुरुषांना दोन-तीन भाषा सहज येत. वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आली की बरेचदा मराठी चाले, कारण मोठ्या जमीनदार गटांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती. कुणाच्या बाजूची नाही, म्हणून सगळ्यांना चालणारी.

त्यांच्या नोंदींतली मला सगळ्यात आवडणारी नोंद पुराबद्दलची आहे. आपण म्हणतो "तिथं नदी आली." कुपवाडची मराठी म्हणायची, "तिथं नदी आलं." नदीचं लिंग बदललं कसं? कन्नडमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग साधारणपणे माणसांपुरतं असतं, बाकी सगळं नपुंसकलिंगी. कुपवाडच्या मराठीनं ही वाटणी उचलली. तिथल्या उर्दूत तर नपुंसकलिंगच नाही, म्हणून तिनं नदीला पुल्लिंगात घातलं, "नदी आया". तीच उर्दू मराठीकडून 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरकही शिकली. लखनौच्या उर्दूत ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' अशी दोन वेगळी सर्वनामं नाहीत.

हे संशोधन जगापुढे आलं ते पुण्यातून नाही आणि मुंबईतूनही नाही. एप्रिल १९६८ मध्ये जमैकाची राजधानी किंग्स्टन इथं, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना परिसरात, एक भाषाशास्त्रीय परिषद भरली होती. डेल हाइम्स यांनी संपादित केलेला तिचा ग्रंथ १९७१ साली निघाला. कुपवाड आहे त्या ग्रंथात, हैती आणि जमैकाच्या शेजारी.

सांगली जिल्ह्यातलं गाव कॅरिबियन बेटाच्या पंगतीत का जाऊन बसलं, हे नीट सांगता आलं तर भाषेच्या आणि संस्कृतीच्या परिषदा कशासाठी भरतात हेही आपोआप सांगून होतं.

आधी मोनाचा विषय. एकमेकांची भाषा न समजणारी माणसं व्यापारासाठी किंवा जबरदस्तीनं एकत्र आली की कामापुरती एक तुटपुंजी बोली तयार होते. शब्द थोडे, व्याकरण आखूड, आणि ती कुणाचीच मातृभाषा नसते. तिला पिजिन म्हणतात. पुढे मुलं अशा बोलीतच वाढायला लागली की ती भरते, पसरते, तिच्यात गोष्टी सांगता येतात, भांडता येतं, देवाला आळवता येतं. अशी भाषा म्हणजे क्रिओल. कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांच्या भाषा अशाच घडल्या. मोनाचा विद्यापीठ परिसर उसाच्या जुन्या मळ्यांच्या जमिनीवर उभा आहे आणि तिथं पाणी नेणाऱ्या दगडी पाटाचे अवशेष अजून दिसतात. ज्या जमिनीवर या भाषा घडल्या तिथेच बसून त्या कशा घडल्या यावर बोलणं चाललं होतं. तोवर बरेच शिकलेले लोक, खुद्द जमैकातलेही, क्रिओलला 'मोडकी इंग्रजी' म्हणत. तिला स्वतःचे नियम असलेली भाषा म्हणून टेबलावर ठेवणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

आणि म्हणूनच कुपवाड तिथं हवं होतं. फक्त कॅरिबियन उदाहरणं पाहिली तर वाटेल की भाषा एकमेकींत मिसळायला गुलामगिरी, समुद्रप्रवास आणि मळे लागतातच. कुपवाडात यातलं काहीच नव्हतं. तिथं शेकडो वर्षं शेजारी राहणं होतं, आणि घरच्या भाषेनं आपला गट वेगळा राखणंही होतं. तरी व्याकरण मिसळलं. मग प्रश्न आणखी टोकदार होतो: भाषा मिसळायला नेमकं काय लागतं? एका ठिकाणचा अभ्यास दुसऱ्या ठिकाणच्या अभ्यासाला असा धक्का देतो, तेव्हा परिषद कारणी लागली असं मी मानतो.

त्याच ग्रंथात मराठीवर आणखी एक निबंध आहे, फ्रँकलिन साउथवर्थ यांचा, आणि तो जास्त धाडसी आहे. त्यांचा प्रश्न असा, की खुद्द मराठीच कधीकाळी अशा मिसळणीतून जन्मली असेल का? शब्दभांडार संस्कृत-प्राकृतातून आलेलं, पण वाक्याची ठेवण बरीचशी द्राविड वळणाची. आपल्या बोलण्यातली उदाहरणं घ्या. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असा आहे. "तो येतो म्हणून म्हणाला" यातलं 'म्हणून' मूळचं 'बोलून' या अर्थाचं, आणि तेलुगूतलं 'अनि' अगदी तेच काम करतं. अशा खुणा मागून मागून जाताना साउथवर्थ यांनी मराठीच्या मुळाशी एक पिजिन असण्याची शक्यता मांडली.

यावर आक्षेपही तितकाच जोरदार आहे. पिजिनमध्ये विभक्ती आणि लिंगं सहसा गळून पडतात. मराठीनं तर तिन्ही लिंगं जपली. हिंदीनं नपुंसकलिंग टाकलं, मराठीनं नाही. मधल्या काळात ही सगळी यंत्रणा मोडली असती तर परत आली कुठून? मला हा आक्षेप वजनदार वाटतो. द्राविड भाषांचा मराठीवर दाट प्रभाव आहे असं म्हणणं आणि मराठी पिजिनमधून उगवली असं म्हणणं यांत मोठं अंतर आहे. पण तो निबंध लिहिला गेला म्हणून हे अंतर मोजावंसं वाटलं, हेही खरं. चुकीचा ठरू शकेल असा नेमका दावा चारचौघांपुढे ठेवायची जागा कुठेतरी असावी लागते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. एरवी वर्तमानपत्रात 'आंतरराष्ट्रीय परिषद संपन्न' अशी चौकट आणि दीपप्रज्वलनाचा फोटो येतो, त्यावरून काहीच कळत नाही.

सुरुवात होते आवाहनानं, म्हणजे कॉल फॉर पेपर्सनं. विषय, तारखा आणि गोषवारा किती शब्दांत हवा, हे त्यात असतं. गोषवारा म्हणजे आपल्या निबंधाचा सारांश, बहुधा एका पानाचा. तो नाव काढून दोन-तीन जाणकारांकडे जातो. लिहिणारा मोठा प्राध्यापक आहे की पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, हे वाचणाऱ्याला कळू नये म्हणून. चांगल्या परिषदांत यातले पुष्कळ गोषवारे नाकारले जातात. गोषवाऱ्यात हमखास होणारी चूक एकच: विषय सांगितलेला असतो, म्हणणं सांगितलेलं नसतं. 'मालवणी बोलीतील क्रियापदांचा अभ्यास' हा विषय झाला. मालवणीत अमुक क्रियापद अमुक ठिकाणी वेगळं चालतं आणि त्याचं कारण असं आहे, हे म्हणणं. जाणकार म्हणणं शोधत असतात.

गोषवारा स्वीकारला गेला की साधारण वीस मिनिटं बोलायला आणि दहा मिनिटं प्रश्नांना मिळतात. भाषाशास्त्रात पूर्वीपासून हँडआउट वाटायची पद्धत आहे. कागदावर क्रमांक घातलेली वाक्यं असतात आणि प्रत्येक वाक्य तीन ओळींत लिहिलेलं असतं. पहिल्या ओळीत मूळ वाक्य: "मला भूक लागली." दुसऱ्या ओळीत शब्द फोडून प्रत्येक तुकड्याचं काम: मी-ला, भूक-स्त्रीलिंग, लाग-भूतकाळ-स्त्रीलिंग. तिसरीत अर्थ. या तीन ओळींमुळे मराठीचा गंध नसलेल्या फिनलंडच्या माणसालाही दिसतं की इथं क्रियापद 'मी'कडे न बघता भुकेकडे बघतं आहे. भाषेत न चालणारं वाक्यही लिहितात आणि त्याच्या डोक्यावर फुली किंवा तारा देतात: तारा "मी भूक लागलो". कोण काय बोलत नाही, यातून भाषेचा नियम सापडतो. मी स्वतः पहिल्यांदा अशा सत्रात बसलो तेव्हा समोरच्या माणसाची भाषा ऐकलेलीही नव्हती, आणि अर्ध्या तासात तिच्या व्याकरणावर माझं मत तयार झालं होतं. तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

ज्यांचं काम अजून कच्चं आहे त्यांच्यासाठी पोस्टरची सोय असते. भिंतीवर मोठा कागद, शेजारी अभ्यासक उभा, येणारा-जाणारा थांबून विचारतो. आपल्याकडे पोस्टरला दुय्यम मानतात, ते मला पटत नाही. वीस मिनिटांच्या भाषणात मिळतात त्यापेक्षा तिथं प्रश्न जास्त मिळतात.

दिवसाच्या सुरुवातीला बीजभाषण, म्हणजे मुख्य पाहुण्या अभ्यासकाचं भाषण, असतं, संध्याकाळी जेवण असतं, पुस्तकांची मांडणी असते. या गोष्टी कुठेही सारख्याच.

संस्कृती-अभ्यासाच्या परिषदांची तऱ्हा थोडी वेगळी. तिथं बरेचदा लिहून आणलेला निबंध वाचतात, आणि वाचणं हाच शब्द आपल्याकडेही रूढ आहे: "तिनं गोव्यात पेपर वाचला." तीन-चार निबंधांचं एक सत्र असतं, आणि ते सगळे आधी वाचून आलेला भाष्यकार शेवटी त्यांना एकमेकांसमोर उभं करतो. एखादा विषय सूत्र म्हणून देतात. महाराष्ट्राची संस्कृती आणि समाज यावर गेली काही दशकं वेगवेगळ्या देशांत आंतरराष्ट्रीय परिषदा भरत आल्या आहेत. त्या परंपरेतून 'घर' या सूत्राभोवतीच्या निबंधांचा एक ग्रंथ इरीना ग्लुश्कोवा आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या संपादनाखाली १९९८ साली निघाला. घर या शब्दाच्या पोत्यात किती प्रकारचं धान्य आहे बघा. त्यात वाडा येतो, चाळीतली खोली येते, सासर-माहेर येतं, आणि वारकरी पंढरपूरला माहेर म्हणतात तेही येतं. स्थापत्याचा अभ्यासक, स्त्रियांच्या ओव्यांचा अभ्यासक आणि शहरांचा अभ्यासक एरवी एकमेकांचं वाचत नाहीत. एक शब्द त्यांना एका टेबलाशी बसवतो.

भाषेचा विचार संस्कृतीच्या अभ्यासात कसा शिरतो, तेही मोनाच्या वाटेनंच सांगता येतं. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली संस्कृती-अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. ते ज्यांच्या नावानं ओळखलं गेलं ते स्टुअर्ट हॉल १९३२ साली किंग्स्टनमध्येच जन्मले होते. क्रिओल होणं ही कल्पना भाषेपुरती उरली नाही. संगीत, खाणं, देवधर्म, स्थलांतरितांच्या मुलांची ओळख, या सगळ्यांबद्दल बोलायला ती वापरली जाऊ लागली. मोनाच्या ग्रंथातही भाषाशास्त्रज्ञांबरोबर सिडनी मिन्ट्झ यांच्यासारखा मळ्यांचा इतिहास जाणणारा मानववंशशास्त्रज्ञ आहे. मळ्यावर किती गोरे, किती गुलाम, नवे लोक किती वेगानं येत होते, हे माहीत नसेल तर तिथली भाषा कशी घडली ते सांगता येत नाही, असा त्याचा आग्रह होता.

परिषदांचा परिणाम कधी एखाद्या निबंधापलीकडे जातो. १८८६ साली व्हिएन्नाला प्राच्यविद्या परिषद, म्हणजे पूर्वेकडच्या भाषा-संस्कृतींच्या अभ्यासकांची परिषद, भरली. पुण्याचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथं गेले होते. बिहारमध्ये नोकरी करणारे जॉर्ज ग्रिअर्सन हेही होते. हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारनं करावी, असा ठराव त्या परिषदेनं केला. सरकार लगेच हललं नाही. काम सुरू व्हायला १८९४ उजाडलं आणि शेवटचे खंड १९२८ पर्यंत येत राहिले. १७९ भाषा आणि ५४४ बोली, अशी त्या पाहणीची मोजदाद. सातवा खंड, १९०५ चा, पूर्ण मराठीचा. त्यात मराठीच्या बोलींचे नमुने आहेत आणि आजही बोलींवर काम करणाऱ्याला तो उघडावाच लागतो. त्याच खंडात कोकणीला मराठीची बोली म्हणून घातलं, आणि त्यावरून गोव्यात पुढे किती तापलं ते सांगायला नको. दूर व्हिएन्नातल्या एका ठरावाची सावली इतकी लांब पडली. पुण्यातही १९१९ साली भांडारकर संस्थेच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, ती भांडारकरांच्याच अध्यक्षतेखाली.

साहित्य संमेलन आणि परिषद यांची गल्लत होते, म्हणून एवढं सांगतो. संमेलन हा वाचकांचा आणि लेखकांचा उत्सव आहे, आणि तो असायलाच हवा. तिथं भाषेवर प्रेम केलं जातं. परिषदेत भाषेबद्दल एखादं विधान करायचं असतं आणि ते पुराव्यानं टिकतं का, ते अनोळखी माणसांकडून तपासून घ्यायचं असतं. दोन्हीकडे मंच, माइक आणि हार असले तरी कामं वेगळी आहेत.

आपल्या महाविद्यालयांतल्या चर्चासत्रांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमांत शिक्षकांच्या बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आली आणि चर्चासत्रात निबंध वाचण्यालाही गुण मिळू लागले. हेतू चांगला असेल, पण एका दिवसात साठ-साठ निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटं, प्रश्नांना वेळ नाही आणि दुपारी सर्टिफिकेटांची रांग, अशी सत्रं मी पाहिली आहेत. प्रश्नांची दहा मिनिटं काढून टाकली की परिषदेतून परिषदच काढून टाकल्यासारखं होतं. गाभा तोच आहे. दिवसात बाराच निबंध ठेवा, पण प्रत्येकाला धारेवर धरा, असं एखाद्या विभागानं ठरवलं तर खर्चही कमी होईल.

याहून वाईट म्हणजे निव्वळ फी गोळा करायला भरवलेल्या परिषदा. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. एकाच परिषदेत भाषाशास्त्र, नर्सिंग आणि सिव्हिल इंजिनिअरिंग असेल, गोषवारा पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी 'अभिनंदन' आलं आणि सोबत फीचा आकडा असेल, समितीतल्या कुणाचंही काम त्या विषयात सापडत नसेल, तर पैसे भरू नका. शंका आली तर समितीत ज्यांचं नाव छापलंय त्यांनाच ईमेल करून विचारा. त्यांना कधीकधी पत्ताही नसतो.

नव्या विद्यार्थ्याला कुठल्या विषयावर पेपर करू असा प्रश्न पडतो. मोनासारख्या परिषदेत मांडावं असं आपल्या दारात पुष्कळ आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज क्रिओल ही मातृभाषा आहे. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज १७४० साली चौलमधून गेले, भाषा राहिली, आणि चारी बाजूंनी मराठी. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेवर १९९६ साली पुस्तक लिहिलं. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं, आणि कोर्लईच्या भाषेत ते मराठीसारखं शेवटाकडे सरकलेलं त्यांना दिसलं. कॅरिबियनमध्ये जे घडलं त्याचा सख्खा भाऊ अलिबागेजवळ आहे.

आणि कुपवाड? पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या सोनल कुलकर्णी-जोशी साधारण चाळीस वर्षांनी त्याच गावात पुन्हा गेल्या आणि गम्पर्झ-विल्सन यांचं 'शब्दाला शब्द' हे चित्र त्यांनी नव्यानं तपासलं. १९६० साली भाषावार राज्य झालं, मराठी शाळेची आणि कचेरीची भाषा झाली, ती आता नुसती सगळ्यांना चालणारी मधली भाषा उरली नाही. तोलच बदलला. जुनं प्रसिद्ध चित्र होतं तसं उचलून वापरता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. मोनाचा ग्रंथ निघून दशकं उलटल्यावर त्याच्या एका प्रकरणाला हा विचारलेला प्रश्न आहे, प्रश्नांच्या त्या दहा मिनिटांसारखाच. १९९८ पासून कुपवाड सांगली-मिरज महापालिकेत आहे, तिथं एमआयडीसी आहे, बाहेरगावचे कामगार आहेत. पावसाळ्यात कुणी तिथं रेकॉर्डर घेऊन गेलं, तर पहिल्यांदा विचारायचा प्रश्न तयारच आहे: आजीच्या तोंडी आणि नातीच्या तोंडी नदी कशी येते, आलं की आली?